पोलोला कोणते शॉकअप, कोणत्या स्प्रिंगा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. 2016 ची फोक्सवॅगन पोलो, दीड लिटर डिझेल, 1 लाख 5 हजार किलोमीटर झालेली. रोज कोथरूड ते हिंजवडी आणि महिन्यातून दोनदा ताम्हिणीमार्गे चिपळूण. मागच्या सीटवर आई-वडील, त्यातून वडिलांना कमरेचं दुखणं. खड्ड्यात गाडी धाडकन आदळते, वळणावर डोलते. मित्र म्हणतो, 35 मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाक, गाडी रस्त्याला चिकटून चालेल. गॅरेजवाला म्हणतो, स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर घालू, स्वस्तात भागेल. आणखी कोणी सांगितलंय की शॉकअप घ्यायचे तर बिलस्टीन कंपनीचेच घे. तर ऐकायचं कोणाचं?

सध्या तिघांचंही नको. मी बावीस-तेवीस वर्षं पुण्यात सस्पेन्शनचंच काम करतोय, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहांतले निम्मे लोक औषधाचं नाव आधी ठरवून येतात, दुखणं मागाहून सांगतात. तुम्ही निदान दुखणं नीट सांगितलंय. त्यात दोन वेगळी दुखणी आहेत. खड्ड्यात आदळणं हे एक आणि वळणावर डोलणं हे दुसरं. मित्राच्या उपायाने दुसरं कमी होईल आणि पहिलं दुप्पट होईल. वडिलांची कंबर पहिल्यात अडकलेली आहे.

आधी दोघांची कामं वेगळी करू. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप वजन पेलत नाही, तो स्प्रिंगला आवरतो. खड्ड्यात चाक गेलं की स्प्रिंग दाबली जाते, मग उसळते, पुन्हा दाबली जाते, आणि तिला एकटी सोडली तर चार-पाच वेळा झोके घेत राहील. शॉकअपच्या नळीत तेल असतं आणि पिस्टनला बारीक भोकं आणि पातळ चकत्यांच्या झडपा. तेल त्यातून ढकललं जाताना झोक्याची ताकद उष्णतेत जाते. ताम्हिणी उतरून थांबलात की मागच्या शॉकअपजवळ हात नेऊन बघा, तो चांगला असेल तर कोमट लागेल. चारांतला एकच थंडगार लागला तर तो काम करत नाहीये, असा अंदाज बांधायला हरकत नाही.

म्हणून "गाडी खाली बसलीय, शॉकअप गेले" हे वाक्य अर्धंच खरं. बसलेली गाडी म्हणजे बसलेली स्प्रिंग. शॉकअप बदलून उंची परत येत नाही. गॅसच्या शॉकअपने किंचित उचलल्यासारखी वाटते, पण ते काही मिलिमीटरांचं काम.

आता टेप काढा. हे मी प्रत्येकाला करायला लावतो आणि बहुतेक जण कंटाळा करतात. सपाट जागा, चारही टायरमध्ये हवा सारखी. चाकाच्या मधोमध, म्हणजे हबच्या मध्यबिंदूपासून सरळ वर, मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरची झीज आणि हवा मिसळते. चारही कोपरे मोजून वहीच्या पानावर लिहा. मग आई-वडिलांना मागे बसवा, डिकीत नेहमीचं सामान टाका, शेजारी बायको बसू दे, आणि पुन्हा मोजा. परतीच्या प्रवासात आंब्याच्या पेट्या असतात का? मग त्याही धरा, गाडीला त्या मोजाव्याच लागतात.

समजा रिकाम्या गाडीत मागचं माप 375 आलं आणि भरलेल्या गाडीत 325. म्हणजे 50 मिलिमीटर नुसत्या बसण्यात गेले. आता मागच्या शॉकअपच्या दांड्यावरचं धुळीचं कव्हर वर सरकवा, दांड्याला एक प्लास्टिकची टाय सैलसर नाही आणि घट्टही नाही अशी बांधा आणि ती नळीच्या तोंडाशी सरकवून ठेवा. नेहमीच्या रस्त्यावर एक फेरी मारून या. टाय वर कुठपर्यंत ढकलली गेली ते बघा. ती बंप स्टॉपच्या आत घुसली असेल, आणि भरल्या गाडीत बहुधा घुसेलच, तर तुम्हाला ऐकू येणारा "धाडकन" तिथून येतोय. बंप स्टॉप म्हणजे दांड्यावर असलेला तो पिवळसर किंवा काळा फोमसारखा ठोकळा. लाखभर किलोमीटरनंतर तो बोटाने चुरडला तर भुगा होतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी गाड्यांत तो जागेवर नसतोच, नुसती पिवळी पूड उरलेली असते आणि गिऱ्हाईक मात्र शॉकअपला शिव्या देत असतं.

याच मापावर मित्राची स्प्रिंग ठेवून बघा. भरलेल्या गाडीत बंप स्टॉपपर्यंत समजा 45 मिलिमीटर जागा शिल्लक आहे. 35 खाली गेलात की राहिले 10. खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा थोड्या कडक असतात म्हणून भरल्यावर जरा कमी दबतील, धरा 15. माणगाव ते महाडच्या पट्ट्यात 15 मिलिमीटरच्या भरवशावर गाडी चालवायची म्हणजे पोत्यावर बसून घोड्यावर गेल्यासारखं आहे.

यात एक मेख आहे. ती पोलो, व्हेंटो आणि रॅपिडवाल्यांनी लक्षात ठेवावी. तुमची पोलो चाकणला तयार झालेली आहे आणि आपल्या रस्त्यांसाठी ती युरोपातल्या पोलोपेक्षा उंच ठेवलेली होती. बाहेरून येणाऱ्या स्प्रिंगच्या खोक्यावर "30 मिलिमीटर खाली" असं लिहिलेलं असतं ते युरोपातल्या उंचीच्या हिशेबाने. आपल्या गाडीत तीच स्प्रिंग बसवली की गाडी 30 पेक्षा बरीच जास्त खाली जाते. मग लोक येतात, "अहो, सोसायटीच्या गेटवर सुद्धा घासते." घासणारच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा असं आहे. आपल्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरने ते मानक वाचलेलं नाही.

कडकपणाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळी गफलत तिथेच होते. स्प्रिंगचा कडकपणा म्हणजे ती 1 मिलिमीटर दाबायला किती जोर लागतो. तो तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. 12 मिलिमीटरच्या तारेऐवजी साडेबाराची तार घेतली, बाकी वेढे आणि व्यास तेच ठेवले, तर स्प्रिंग जवळजवळ 18 टक्के कडक होते. अर्धा मिलिमीटर! डोळ्यांना दिसतही नाही. उलट वेढ्यांचा व्यास वाढला तर तिसऱ्या घाताने मऊ होते. वेढे जितके कमी तितकी कडक. म्हणूनच स्प्रिंग कापली की ती आखूड होते आणि कडकही होते, हा फुकटचा "स्पोर्ट्स किट" पूर्वी गल्लोगल्ली मिळायचा. कापलेल्या टोकाला बसायला रबरी बैठकीतली खाच जुळत नाही, चाक लटकलं की स्प्रिंग जागेवरून सुटते. एका मुलाची गाडी माझ्याकडे क्रेनवर आली होती, स्प्रिंगच्या कापलेल्या टोकाने टायरची आतली बाजू सोलून काढली होती. ग्राइंडरने कापताना ते टोक तापून निळं पडलं होतं, पोलादाचं पाणी उतरलेलं. त्याला मी काही बोललो नाही, त्याचे वडीलच बोलत होते.

आणि स्प्रिंग कडक केली की शॉकअपलाही तिला आवरायची जास्त ताकद हवी. हा हिशेब वर्गमुळाचा आहे: स्प्रिंग 30 टक्के कडक, तर शॉकअपचा विरोध साधारण 14 टक्के जास्त हवा. 1 लाख किलोमीटर चाललेल्या शॉकअपमध्ये मुळात होता तेवढाही विरोध उरलेला नसतो. नव्या कडक स्प्रिंगा आणि जुने शॉकअप ही जोडी मी पाहिलेल्या जोड्यांमध्ये सगळ्यात वाईट. गाडी उसळते, टायर जमीन सोडतं, ब्रेक लांबतो. आधी शॉकअप बदलून स्प्रिंगा तशाच ठेवल्या तर चालतं, उलट क्रम चालत नाही.

आता वडिलांच्या कमरेकडे येऊ. माणसाच्या कण्याला उभे धक्के सर्वांत जास्त त्रास देतात ते सेकंदाला 4 ते 8 या गतीचे. साधी प्रवासी गाडी स्प्रिंगवर झोका घेते सेकंदाला एक-सव्वा वेळा. हा झोका कमरेला फारसा त्रास देत नाही. स्प्रिंगा कडक करत गेलात की झोक्याची गती वाढत कण्याच्या नावडत्या गतीकडे सरकते. आणि बंप स्टॉपवर आपटण्याचा जो दणका असतो, त्याला तर गती वगैरे काही नसतेच, तो नुसता हातोडा. म्हणून वडिलांसाठी पहिलं काम म्हणजे चाकाला वर-खाली व्हायला जागा मिळवून देणं. मऊ गादी त्यानंतर.

शॉकअपचा विरोध दोन जागी वेगळा असतो, हे दुकानदार सांगत नाहीत. वळणावर गाडी कलते किंवा ब्रेकला नाक खाली जातं तेव्हा पिस्टन अगदी हळू सरकतो. खड्ड्याच्या कडेला चाक आपटतं तेव्हा तो दहापट किंवा त्याहून वेगाने सरकतो. चांगला शॉकअप हळू हालचालीला घट्ट असतो आणि जलद हालचालीला तेलाला वाट मोकळी करून देतो. स्वस्तातला "हेवी ड्युटी" दोन्हींना घट्ट. काउंटरवर हाताने दाबून "बघा किती टाइट आहे" म्हणून दाखवतात, ती हळू हालचाल. खड्ड्यात काय होईल ते हाताला कळत नाही. कडक म्हणजे चांगला, हा समज मला वाटतं ट्रकच्या पाट्यांच्या (लीफ) स्प्रिंगांवरून आलेला असावा.

डोलणं नव्या शॉकअपने बऱ्यापैकी कमी होईल. शिवाय अँटिरोल बारच्या, म्हणजे वळणावर गाडीला कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याच्या, लिंका आणि बुश (सांध्यातली रबरं) बघा. पोलोत लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या हाताचे, मागचे बुश फाटतात, मग ब्रेक मारताना गाडी हलकीच एका बाजूला सरकल्यासारखी वाटते. ते बुश गेलेले असताना जगातले सर्वांत महाग शॉकअप घातलेत तरी पैसे पाण्यात.

बफरबद्दल मी जरा तिखट आहे, माफ करा. वेढ्यांच्या मध्ये रबर किंवा युरेथेनचा ठोकळा अडकवला की ते दोन वेढे हालणं बंद होतं. म्हणजे चालते वेढे कमी झाले, स्प्रिंग कडक झाली. गाडी पंधरा-वीस मिलिमीटर उचललेली दिसते आणि गिऱ्हाईक खूश. पण ताण आता उरलेल्या वेढ्यांवर, आणि ठोकळ्याच्या कडेला स्प्रिंगचा रंग घासून निघतो. त्या रेषेत गंज धरतो. कोकणात जाणारी गाडी असेल तर खारी हवा ते काम लवकर उरकते. दोन पावसाळ्यांनंतर बरोबर ठोकळ्याच्या कडेला तुटलेल्या स्प्रिंगा मी गोळा करून ठेवल्या होत्या, नव्या पोरांना दाखवायला. ज्यांनी बाहेरून सीएनजी बसवून घेतलंय, डिकीत कायमची जड टाकी आहे, त्यांनाही हेच ठोकळे विकले जातात. त्यांनी काउंटरवर जाऊन त्याच मॉडेलच्या कंपनी-सीएनजी गाडीला मागच्या स्प्रिंगचा वेगळा पार्ट नंबर आहे का ते विचारावं. असेल तर तीच स्प्रिंग घालावी. स्वस्त पडते आणि तुटत नाही.

तुमच्या डिझेलचीही अशीच एक गोष्ट आहे. पोलोत पेट्रोल आणि डिझेलच्या पुढच्या स्प्रिंगा एक नाहीत, डिझेलचं इंजिन जड आहे. फोक्सवॅगन गाड्यांमध्ये पुढच्या आणि मागच्या आसावर येणाऱ्या वजनाप्रमाणे स्प्रिंगचे वर्ग असतात. स्पेअर व्हीलच्या खड्ड्यात किंवा सर्व्हिस बुकात चिकटवलेल्या स्टिकरवर बारीक अक्षरांत कोडची रांग असते, त्यात शून्य-जे ने सुरू होणारा कोड पुढचा आणि शून्य-वाय ने सुरू होणारा मागचा. स्प्रिंगवर रंगाचे ठिपके असतात तेही त्यासाठीच. स्प्रिंगा बदलायच्या झाल्या तर या कोडवरून मागवा. "पोलोच्या स्प्रिंगा द्या" म्हणालात तर पेट्रोलच्या मिळतील आणि नाक कायम खाली राहील.

पण बदलायच्या का? तुमच्या वहीच्या पानावर डावं-उजवं दहा मिलिमीटरपेक्षा जास्त वेगळं नसेल, स्प्रिंगला तडा किंवा खोल गंज नसेल, खालचा शेवटचा वेढा तुटलेला नसेल (हा वेढा बैठकीत लपलेला असतो, बॅटरी मारून हाताने फिरवून बघावा लागतो), तर पुढच्या स्प्रिंगा राहू द्या. मागच्यांचा विचार करा. गाडी नेहमी भरलेली असते आणि मागे बसते, तर मागे एक वर्ग जड कोडच्या कंपनीच्याच स्प्रिंगा घालता येतात. मागच्या बाजूला पोलोत स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसतात, त्यामुळे काम सोपं आहे.

मागे जरा कडक चालतं, पुढे नाही, याला जुनं कारण आहे. 1930 च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरने दाखवून दिलं की मागचा झोका पुढच्यापेक्षा थोडा जलद असला तर गाडी उंचवट्यावरून गेल्यावर नाक-शेपूट हलवत बसत नाही. कारण मागचं चाक उंचवट्यावर उशिरा चढतं आणि त्याला पुढच्या झोक्याला गाठायचं असतं. मागे माणसं बसली की हा हिशेब उलटतो. एक्सप्रेसवेच्या सिमेंटच्या सांध्यांवर भरलेली हॅचबॅक होडीसारखी डुलते ती त्यामुळे.

आता शॉकअप. बनावट दोन प्रकारची. जोडनळीच्या, म्हणजे एका नळीत दुसरी नळी, मध्ये तेल आणि वर थोडा नायट्रोजन कमी दाबाचा. बहुतेक गाड्यांना कंपनीतून हेच येतात. दुसरे एकनळीचे: तेल आणि गॅस यांच्यामध्ये सरकता पिस्टन, गॅसचा दाब कितीतरी जास्त. घाटात सतत मारा झाला तरी यांच्या तेलात फेस होत नाही, उष्णता बाहेर पटकन जाते. पण दाबामुळे लहान खडबडीत रस्त्यावर ते जरा टोचतात. नळीला बाहेरून दगड लागून पोचा पडला तर एकनळीचा संपला, जोडनळीचा चालत राहतो.

तुमच्या वापराला मी जोडनळीचे गॅसचे, मूळ उंचीचे घेईन. साक्स, मोनरो, केवायबीचा काळा एक्सेल-जी, बिलस्टीनचा बी-4, यांतला जो तुमच्या पार्ट नंबरला जुळेल तो. बिलस्टीनचं नाव ऐकलंत तर कोणता बिलस्टीन हे विचारा. बी-6 हा एकनळीचा, मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी. बी-8 आखूड, खाली बसवलेल्या गाडीसाठी. बी-8 मूळ स्प्रिंगवर घातलेला मी पाहिलाय, चाक लटकताना शॉकअपचा दांडा पूर्ण बाहेर येऊन टकटक आवाज करत होता आणि मालकाला वाटत होतं "जर्मन माल असाच असतो". तुम्ही एकटेच गाडी चालवत असता आणि घाटात मजा हवी असती तर बी-6 म्हणालो असतो. कोनीचे पिवळे परतीच्या हालचालीला फिरवून घट्ट-सैल करता येतात, चांगली गोष्ट आहे, पण फिरवणारा शहाणा हवा. उंची बदलता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, आट्यांवर बसवलेले) तुमच्यासाठी नाहीत. चिपळूणच्या चिखलात आणि खाऱ्या हवेत त्यांचे आटे एका पावसाळ्यात जाम होतात, मग ती बदलती उंची नुसती नावाची.

थार, जिम्नी, फॉर्च्युनरवाल्यांचं जग वेगळं आहे, तिथे ओल्ड मॅन इमूसारखे उंच किट वजनाच्या वर्गाप्रमाणे मिळतात. बुलबार आणि विंच नसताना "हेवी"ची स्प्रिंग घ्यायची नाही, एवढंच तिथलं सांगून ठेवतो.

कायद्याचं एका वाक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल असं सांगतो की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. मूळ मापाचे शॉकअप बदलणं ही दुरुस्ती. गाडी चार बोटं उंच किंवा खाली नेणं ही विम्याच्या दाव्याच्या वेळी तुमच्याविरुद्ध जाऊ शकणारी गोष्ट.

नकली मालापेक्षा मला "रिकंडिशन"ची भीती जास्त वाटते. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ नव्या म्हणून घेतलेल्या शॉकअपची जोडी घेऊन आले, तीन महिन्यांत ढिले. रंग चकचकीत काळा. नखाने खरवडलं तर खाली जुना रंग, आणि नळीच्या खालच्या बाजूला रंगाखाली हरभऱ्याएवढा वेल्डिंगचा गोळा. भोक पाडून जुनं तेल काढलं होतं, कसलं तरी तेल भरून भोक बुजवलं होतं. दांड्यावर क्रोमला बारीक उभ्या रेघा तशाच. तेव्हा नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानांत घ्या नाहीतर कुठेही, पण खोकं उघडून दांडा पूर्ण बाहेर काढून प्रकाशात फिरवून बघा, नळीवरून हात फिरवा, छापलेला नंबर खोक्याच्या नंबराशी ताडा आणि पक्कं बिल घ्या. नवा गॅसचा शॉकअप दाबून सोडला की आपोआप बाहेर येतो. पट्टी बांधून आला असेल तर ती याचसाठी असते.

शॉकअपबरोबर नव्या घ्यायच्या वस्तू: पुढचे दोन्ही टॉप माउंट (शॉकअपचं वरचं टोक धरणाऱ्या रबरी बैठका) आणि त्यांच्या बेअरिंग, चारही बंप स्टॉप, धुळीची कव्हरं, मागच्या स्प्रिंगच्या रबरी बैठका, आणि खालचे ताणून घट्ट करायचे बोल्ट, ते एकदाच वापरायचे असतात. यात काटकसर करू नका. मजुरी तीच, परत उघडायला लावलं तर दुप्पट. शॉकअप नेहमी जोडीने, एका आसावरचे दोन्ही. तुमच्या गाडीला चारही.

बसवताना तुम्ही तिथे उभे राहा. पोलोचा पुढचा शॉकअप हबच्या खाचेत घट्ट धरलेला असतो. ती खाच फाकवायला एक लहानसं टूल असतं, खाचेत घालून पाव वळसा फिरवलं की नळी सरकते. ते नसेल तर मेकॅनिक छिन्नी आणि घण काढतो. घण निघाला की थांबवा. नवा जोडनळीचा शॉकअप उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्यायचा, आडवा पडून राहिल्याने आत शिरलेला गॅस वर निघून जातो. हे न करता बसवला तर पहिल्या दिवशी ढिला लागतो. वरचा नट उघडताना किंवा आवळताना दांडा पकडीने धरायचा नाही. पकडीचा एक दात लागला की ती रेघ तेल अडवणाऱ्या सीलला फाडते आणि सहा महिन्यांत तेल गळतं. दांड्याच्या मधल्या खाचेत ॲलन की घालून धरतात. लोअर आर्म आणि मागच्या बीमचे (मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या तुळईचे) बुश असलेले बोल्ट गाडी हवेत असताना हाताने बसवायचे आणि चाकं जमिनीवर टेकल्यावर, गाडी वजनावर असताना आवळायचे. हवेत आवळले तर बुश कायमचे पिळलेले राहतात, मग गाडी उंच उभी दिसते, कडक लागते आणि वर्षभरात बुश फाटतात. नव्या शॉकअपबद्दलच्या निम्म्या तक्रारी खरं तर या एका चुकीच्या असतात.

मग अलाइनमेंट. नव्या स्प्रिंगा घातल्या असतील तर त्या पहिल्या काही आठवड्यांत थोड्या बसतात, म्हणून हजारभर किलोमीटरनंतर परत एकदा बघून घ्या. टेपने तेच चार आकडे परत मोजून त्याच पानावर जुन्यांच्या शेजारी लिहा. हवा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या लेबलप्रमाणे. त्यावर कमी वजनाचे आणि पूर्ण भरलेल्या गाडीचे असे दोन आकडे असतात. चिपळूणला निघताना दुसरा. पंपावरचा पोरगा सगळ्यांना सरसकट 35 भरतो आणि मग लोक सस्पेन्शन कडक म्हणून माझ्याकडे येतात.

आणि जुने चारही शॉकअप गॅरेजवर सोडू नका, मागून घ्या. घरी आणा, दांडा बाहेर ओढा आणि त्यावर हॅक्सॉच्या ब्लेडने आडवी खोल खूण करा. मग द्या भंगारवाल्याला.